कमानीत गेलेला कठडा

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. उजवा, गुडघ्याखालचा. दचकू नका, माझ्यात रक्त नाही आणि हाडही नाही. वर प्लास्टिकची खोबण, मधे धातूची नळी, खाली रबराचं पाऊल आणि मांडीला आवळायचा एक चामडी पट्टा, एवढाच माझा संसार. आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, झालं गेलं विसरून जावं, अशी अपेक्षा असते. मला ते जमत नाही. मी डूख धरणारा पाय आहे. एका माणसावरचा माझा राग अजून तसूभरही कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. का, ते ऐका.

माझा जन्म एका लष्करी रुग्णालयाच्या मागच्या लांबट खोलीत झाला. तिथे भट्टीची ऊब असायची आणि प्रत्येक वस्तूवर प्लास्टरची पांढरी धूळ बसलेली असायची. मला घडवणारा कारागीर बुटका आणि तोंडाने फटकळ होता. सगळे त्याला मिस्तरी म्हणत. त्याने माझ्या माणसाच्या उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढला, त्या साच्यातून हुबेहूब तसा ठोकळा पाडला आणि मग तो कानशीने घासत बसला. हाड जिथे वर येतं तिथे त्याने भर घातली. मांस जिथे भार सोसतं तिथे थोडं खोल केलं. मग भट्टीतून तापलेला प्लास्टिकचा पत्रा काढून त्या ठोकळ्यावर ओढला, आणि मी जगात आलो.

माझा माणूस सैन्यात हवालदार होता. डोंगरावरच्या एका चौकीपाशी सुरुंगात त्याचा उजवा पाय गेला. जखमी पडलेल्या जोडीदाराला उचलून आणायला तो पुढे गेला होता. जोडीदार वाचला. याहून जास्त तो कधी कुणाला सांगत नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. पायाने असल्या गोष्टी विचारू नयेत.

पहिल्या दिवशी त्याने मला चढवलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंचीचे लोखंडी दांडे होते. त्यांच्या मधून चालायला शिकायचं होतं.

"लंगडायचं नाही," मिस्तरी म्हणाला. "तू लंगडलास तर नाव माझं खराब होतं."

"आणि दुखलं तर?"

"दुखलं तर मला शिव्या दे. पण ताठ उभा राहून दे."

त्याने भरपूर शिव्या दिल्या, आणि ताठ उभा राहूनच दिल्या. त्याचे हात दांड्यांवर इतके घट्ट आवळलेले असायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची. हळूहळू हात सैल झाले. मग एक हात सुटला. मग दुसराही सुटला. ज्या दिवशी आम्ही दोघं दांड्यांशिवाय खोलीच्या टोकापर्यंत गेलो, त्या दिवशी मिस्तरीने चहा मागवला आणि पैसे स्वतः दिले. तो असं कधीच करत नाही, असं तिथले लोक म्हणाले.

आम्ही घरी आलो. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना अरुंद होता. एका बाजूला गुळगुळीत भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी नळ्यांचा कठडा. घरात माझ्या माणसाची म्हातारी आई आणि त्याची बायको. ही बायको म्हणजे कोण, ते नीट ऐका, कारण सत्काराच्या भाषणांत तिचं नाव कधी आलं नाही. नवरा वर्षानुवर्षं लांब चौकीवर असताना तिने एकटीने घर चालवलं. सायकलच्या दुकानात चाकं जोडण्याचं काम केलं, सासूची आजारपणं काढली, आणि फोन लागत नसला की बातम्या लावायच्या की बंद ठेवायच्या याच विचारात संध्याकाळी काढल्या. माझा माणूस माझ्यासह पहिल्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याला आत घालायचा मोजा रोज धुवावा लागत असेल ना?" तिने विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि बादली घ्यायला गेली. मला ती तेव्हाच आवडली.

मित्रांनो, जिना म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही धडधडत उतरता. माझा घोटा वाकत नाही. म्हणून चढताना माझ्या माणसाचा चांगला पाय आधी जातो आणि मी मागून येतो. उतरताना मात्र पुढे मी. मी खालच्या पायरीवर टेकेपर्यंत सगळा भार वर वाकलेल्या त्याच्या एका गुडघ्यावर आणि कठड्यावरच्या हातावर असतो. कठडा आहे तोवर भीती नाही. त्या कठड्याच्या जोरावर माझा माणूस रोज सकाळी एकटा खाली उतरायचा, कोपऱ्यावरच्या पंखे दुरुस्तीच्या दुकानात जायचा आणि स्टुलावर बसून मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचा. बायकोला म्हणायचा, "तू नको येऊस खाली सोडायला. मी काय बालवाडीत चाललोय?" हे म्हणताना त्याला किती सुख व्हायचं, ते मला आतून कळायचं. ती आमची चांगली वर्षं होती.

मग सत्कारकाका आला.

हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलं होतं. काका तळमजल्यावर राहायचा. तो इमारतीच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याला सत्कारांचं वेड लागलं. कुणी परीक्षेत पास झालं की सत्कार, कुणी निवृत्त झालं की सत्कार. एकदा टाकी साफ करणाऱ्याचाही केला, तो बिचारा ओल्या कपड्यांत उभा होता. पण आपल्या इमारतीत एक खराखुरा सैनिक राहतो, त्याने देशासाठी पाय दिला आहे, हे काकाच्या लक्षात आलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आणि खरं सांगतो, ते अश्रू खोटे नव्हते. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

अंगणात मंच उभारला गेला. प्रवेशाला भव्य कमान हवी होती. कमानीला नळ्या हव्या होत्या. बाजारातून आणायच्या तर उशीर झाला असता, आणि जिन्यात तर मजबूत नळ्या आयत्याच होत्या, नटबोल्टांनी जोडलेल्या. काकाने माणूस लावून तिन्ही मजल्यांचा कठडा उतरवून घेतला. वाकवायला एक लोहारही बोलावणार होते, पण मग चौकोनी कमानच बरी दिसेल असं ठरलं. वर रंगीत कापड चढलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शूरवीरांना मानवंदना'.

शूरवीराला त्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरावं लागलं.

मंचाला चार उंच पायऱ्या होत्या आणि धरायला काही नव्हतं. वर पोचल्यावर काका माझ्या माणसाच्या कानाशी लागला. "हवालदार, पँट जरा वर घ्या ना. लोकांना दिसला पाहिजे."

"काय दिसला पाहिजे?"

"पाय हो. त्यासाठीच तर सगळे आलेत."

माझ्या माणसाने मान खाली घातली आणि पँट वर दुमडली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. बायको शेजारी उभी राहिली, तर काका म्हणाला, "वहिनी, तुम्ही थोडं मागे व्हा, फोटोत गर्दी होतेय." लोकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला मस्तक नाही. माझी आग तळपायातच राहिली, आणि ती तिथे अजून आहे.

कठडा दोन दिवसांसाठी नेला होता. आठवडा गेला, महिना गेला. कमान अंगणाच्या फाटकावर तशीच उभी. माझा माणूस रोज तिच्याखालून जायचा. ज्या नळ्या हातात असायला हव्या होत्या, त्या त्याच्या डोक्यावर होत्या. शेवटी त्याने काकाला गाठलं.

"काका, तेवढा कठडा परत बसवून घ्या."

"अहो, पुढच्या वर्षी पुन्हा लागेलच ना कमान. सारखं काढा-घाला कशाला? आणि कमानीमुळे इमारतीला शोभा आलीय. लोक विचारतात, इथे कोण राहतं म्हणून."

"पण उतरायला त्रास होतो मला."

"तुम्हाला?" काका मनापासून हसला. "तुम्ही डोंगर चढलेले लोक! तीन मजल्यांचं काय एवढं?"

बायको जाऊन आली, तिला सांगितलं की समितीत विषय ठेवू. म्हातारी जाऊन आली, तिला काकाने खुर्चीवर बसवून सरबत दिलं आणि सैनिकाच्या मातेचे पाय धरले. ती वर आली ती धुसफुसतच. "मेला पायच धरतो. कठडा मागितला की कानात बोळे घालतो."

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना माझा तोल जातो. एका सकाळी कुणीतरी जिना धुतला होता आणि पायऱ्या ओल्या होत्या. बायको कामाला लवकर गेली होती. माझा माणूस थांबला असता तर बरं झालं असतं, पण दुकानात मोटार अर्धी गुंडाळून ठेवलेली होती. मी पुढे झालो. माझं रबर ओल्या फरशीवर टेकलं आणि सरकलं. त्याचा डावा हात सवयीने बाजूला गेला, जिथे कठडा असायचा तिथे. तिथे हवा होती. आम्ही दुसऱ्या मजल्यापर्यंत पडत गेलो.

हाड मोडलं नाही. पण उरलेल्या पायाला मोठी जखम झाली, आणि जखम असताना मला चढवता येत नाही. मला कपाटाशेजारच्या कोपऱ्यात उभं केलं. कितीतरी दिवस मी तिथेच होतो. माझ्यावर धूळ बसली आणि पट्टा कडक झाला. जखम भरली, डॉक्टरांनी चालायला परवानगीही दिली, पण माझा माणूस मला चढवून दारापर्यंत यायचा, जिन्याकडे बघायचा आणि परत फिरायचा. डोंगरावर पुढे गेलेला माणूस आपल्याच दारात घाबरत होता. दुकानदार एकदा येऊन ओशाळून सांगून गेला, "हवालदार, महिनाअखेरपर्यंत तुमचं स्टूल ठेवतो. त्यापुढे मला दुसरा माणूस बघावाच लागेल. कामं तुंबलीत." माझा माणूस म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." त्या दिवशी तो जेवला नाही.

कोपऱ्यात उभा राहून मी काय काय चिंतलं असेन! काकाच्या दोन्ही चपलांचे अंगठे एकदम तुटावेत. त्याच्या घरातलं प्रत्येक टेबल त्याच्या नडगीला शोधत यावं. सत्काराच्या दिवशी त्याचा जोडा चावावा, आणि भाषण लांबावं. मुलांनी असं चिंतू नये. मी मूल नाही.

मग पुन्हा सत्काराचे दिवस आले. काका धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आला. त्याला वर यायला इतका वेळ लागला की म्हातारीने दार उघडून ठेवलं होतं.

"या. दमलात?"

"जिना फार... उभा आहे हो, मावशी."

"धरायला काही नाही ना," म्हातारी म्हणाली. "असतं तर बरं झालं असतं."

काकाला ते कळलंच नाही. त्याने यंदाचा बेत सांगितला. सैन्यातले एक निवृत्त साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. हवालदाराला खुर्चीसकट चार जणांनी उचलून खाली न्यायचं, वाटेत फुलं टाकायची.

"मी येणार नाही," माझा माणूस म्हणाला.

"अहो, असं कसं? सत्कार तुमचा!"

"मला उचलून नेलेलं चालणार नाही. एकदा नेलंय उचलून. तेव्हा शुद्ध नव्हती म्हणून चाललं."

काकाने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि मग त्याची नजर कोपऱ्यात माझ्यावर पडली. त्याचा चेहरा उजळला.

"मग निदान पाय तरी पाठवा," तो म्हणाला. "साहेब लांबून येतायत. खुर्चीवर मखमल टाकतो, वर पाय ठेवतो, त्यालाच पुष्पगुच्छ देऊ. प्रतीक म्हणून. फार भावपूर्ण होईल."

म्हातारीने तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की शिवी, ते मला कळलं नाही. मग बायको बोलली. तिचा आवाज इतका शांत होता की मी घाबरलो.

"आणते मी. स्वतः घेऊन येते."

"वा, वहिनी! तुम्हीच खरं समजून घेता."

काका गेल्यावर माझा माणूस तिच्याकडे बघत राहिला. "अगं, हे काय?"

"तुमचा पाय चाललाय सत्काराला," ती म्हणाली. "तुम्ही दारात बसून आवाज ऐका."

सत्काराच्या दुपारी तिने मला पुसलं, पट्ट्याला तेल लावलं, बगलेत मारलं आणि खाली नेलं. मला लाल मखमलीवर उभं केलं. काकाने भाषण केलं. त्यात देश होता, शौर्य होतं, त्याग होता. पाहुण्या साहेबांनी पुष्पगुच्छ घेतला आणि रिकाम्या खुर्चीवरच्या माझ्याकडे बघून ते घुटमळले. "हवालदार कुठे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"वर विश्रांती घेतायत," काका म्हणाला आणि माईक बायकोपुढे धरला. "आता वहिनी दोन शब्द बोलतील."

बायकोने माईक घेतला.

"माझा नवरा विश्रांती घेत नाही," ती म्हणाली. "तो वर अडकलाय. खाली उतरायला त्याला कठडा लागतो. तो कठडा या कमानीत लावलाय. वर्ष झालं मागतोय, मिळत नाही. कठडा नव्हता म्हणून तो पडला. तुम्ही ज्याला मानवंदना देताय, त्याच्या हातचा आधार काढून तुम्ही हे दार सजवलंय. मी पाय द्यायला आलेले नाही. मी कठडा न्यायला आलेय."

तिने माईक खाली ठेवला, पिशवीतून पाना काढला, कोपऱ्यातली शिडी उचलली आणि फाटकाशी गेली.

"अहो वहिनी!" काका मागे धावला. "पाहुणे बसलेत!"

"बसू दे. त्यांना उठता येतं."

पहिला बोल्ट गंजला होता. तिने सगळा जीव लावून तो फिरवला तेव्हा जो आवाज आला, त्याच्याइतकं गोड गाणं मी आजवर ऐकलेलं नाही. दुसरा सुटला, तिसरा सुटला. रंगीत कापड एका बाजूने लोंबलं, मग सगळंच खाली आलं आणि त्याखाली काका सापडला. मानवंदनेतून तो बाहेर येण्यासाठी धडपडत होता आणि मी मखमलीवरून पाहत होतो. मनापासून पाहत होतो. साहेब मंचावरून उतरले, त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि नळीचं दुसरं टोक धरलं. मग शेजारीही उठले, त्यांना उठावंच लागलं. संध्याकाळपर्यंत जिन्यात नुसती ठोकाठोक चालू होती. वरून म्हातारी ओरडून सांगत होती, "घट्ट बसवा रे, हलता कामा नये!"

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू उपदेश करते, मीही करतो. सैनिकाचा मान ठेवायचा असेल तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या दारात जा आणि विचारा, तुम्हाला काय लागतं? त्याच्या बायकोला विचारा, त्याच्या आईला विचारा, आणि त्या जे सांगतील ते आणून द्या. ते मिळालं की मग हवी तेवढी फुलं द्या. आणि ज्यांनी आधार काढून घेतला त्यांना माफ करायचं की नाही, हे तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. माझं ठरलं आहे.

महिना संपत आला होता. दुसऱ्याच सकाळी माझ्या माणसाने मला चढवलं. दारात तो थांबला, पण परत फिरला नाही. डावा हात कठड्यावर ठेवला. मी पुढे झालो, टेकलो, तो मागून आला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. त्याचा हात प्रत्येक नळीवरून सरकत होता आणि बायको वरच्या दारात उभी होती. ती खाली आली नाही. त्याने तसं सांगितलं होतं.

जिन्याच्या तळाशी सत्कारकाका उभा होता. हातात पुष्पगुच्छ, शेजारी फोटो काढणारा. "या, या, हवालदार!" तो म्हणाला. "म्हटलं, आपण कठड्याचं उद्घाटनच करून टाकू. पुष्पगुच्छ घ्या, एक छानसा फोटो होऊन जाऊ दे."

"हात मोकळा नाही, काका," माझा माणूस म्हणाला. "बाजूला व्हा, कामाला उशीर होतोय."

काका बाजूला झाला नाही. फोटोत यायला तो आणखी जवळ सरकला, अगदी शेवटच्या पायरीला चिकटून, उघड्या चपलांत. उतरताना पुढे मी असतो. मी खाली टेकलो, आणि माझ्यामागून माझ्या माणसाचा सगळा भार आला.

काका इतक्या मोठ्याने ओरडला की तिसऱ्या मजल्यावर म्हातारी दारात आली.

"माफ करा, काका," माझा माणूस घाईघाईने म्हणाला. "त्या पायाला काही कळत नाही हो."

मित्रांनो, मला कळलं होतं.